काचेच्या कौलाखाली

डिंगोरे, ता. जुन्नर
३ जून २००१

चि. सौ. कोंडा,

दादाचा आशीर्वाद. हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, फक्त आधी वाच आणि मग फाड. आंतरदेशीय पत्राच्या कडेला गोंद मी कमीच लावलाय, उघडायला त्रास नको म्हणून.

पत्र लिहायचं तुझ्या वहिनीच्या मनात आलं. मी म्हणालो, कशाला, आपली कोंडा काही उत्तर देत नाही. पण सखू सकाळपासून मागं लागली तेव्हा बसलो. तुमच्या महाळुंग्याला फोनही लागतो आता, पण फोन तू माझा आवाज ऐकताच खाली ठेवशील. पत्र खाली ठेवलं तरी घरातच राहतं.

गोष्ट अशी, की मे महिन्यात मोहिनी पुण्याहून आली होती. नाव वाचून कपाळाला आठी घालू नकोस. ती आता तिथं शाळेत चित्रकलेच्या बाई आहे. तुझ्या ज्ञानेश्वरला माझी मोहिनी द्यायची, हे दोघं पाळण्यात होती तेव्हापासून आपण बोलत होतो. मामाच्या पोरीवर आत्याच्या घराचा पहिला हक्क, ही आपली रीत, ती मला तू शिकवायला नको. पण पोरगी नाही म्हणाली आणि मी तिच्या नाहीला हो म्हणालो. ते चुकलं असं मी आजही लिहिणार नाही, तेव्हा त्या आशेवर पुढं वाचू नकोस. तुझा ज्ञानेश्वरही पुढं चांगल्या मुलीशी संसाराला लागला, त्याला मुलगा झाला, अमृत नाव ठेवलं, हे सगळं मला लोकांकडून कळलं. बारशाचं बोलावणं नव्हतं. मोहिनीचं नाही कळलं त्या दिवशी तू आमच्या ओट्यावरून चहाची बशी तशीच ठेवून उठलीस, ती सात वर्षं झाली, अजून आली नाहीस. असो. चहा गार झाला.

तर मोहिनीनं इथं बसून एक मोठं चित्र काढलं. माझ्या आदेशला घरावर स्लॅब टाकायचाय. ह्या उन्हाळ्यातच टाकायचा होता, पण वाळू मिळाली नाही म्हणून राहिला. मोहिनी म्हणाली, "दादा, कौलं गेली की हा उजेड पुन्हा दिसायचा नाही. मी तो काढून ठेवते." उजेड काढून ठेवते म्हणाली, जसं काही डब्यात लाडू.

कोणता उजेड ते तुला सांगायला नको. माजघरातलं काचेचं कौल अजून आहे. त्याला धुरानं काळी कड आलीय, एका कोपऱ्याला टवका आहे, पण दुपारी कवडसा पडतो तो तसाच, सारवलेल्या जमिनीवर, पाटाएवढा.

त्या कवडशात मोहिनीनं आदेशच्या हर्षालीला बसवलं. तिसरीचं पुस्तक दिलं हातात. पोरगी बसली, वाचायला लागली आणि हळूहळू सरकायला लागली.

"हलू नकोस गं हर्षाली!"

"मी कुठं हलले आत्या? ऊन हललं."

सखू स्वयंपाकघरातून म्हणाली, "खरं हाय तिचं. उन्हाला दम भर." मग म्हणाली, "चूल का न्हाई काढली? मी काय निवद दाखवायला हाय व्हय ह्या घरात?" मोहिनी म्हणाली, चित्रात पोरगी वाचतेय, शांत आहे, चूल आली की धूर आला. सखूनं तिला दोन दिवस टोकून टोकून हैराण केलं आणि शेवटी चित्रातल्या पोरीच्या कपाळावर टिकली रंगवून घेतली. भुंड्या कपाळाची पोर घरात नको म्हणाली. बारीकशी आहे, लाल. मला विचारशील तर तिथं नको होती, पण माझं कोण ऐकतं.

चित्र झालं, भिंतीला टेकवलं, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन आत आलो तो तसाच उभा राहिलो. कोंडा, ती हर्षाली नव्हे गं. एक पाय मुडपून बसलीय, पुस्तक मांडीवर, मान खाली, आणि वेणीचं टोक तोंडात! आता हर्षाली खरंच अशीच बसते, तिला कुणी शिकवलं देव जाणे. पण मी तुला सांगतो, ती कोंडाच आहे. परकर-पोलक्यातली, मारुतीच्या देवळातल्या शाळेतून येऊन बसलेली माझी कोंडाच.

आईला तुझं शिकणं पसंत नव्हतं. दारात बसून वाचायचीस तर म्हणायची, "येणारंजाणारं बघत्यात. सासरी काय पोथी वाचायची हाय का हिला?" आबा आठवडी बाजाराला जुन्नरला गेले आणि डोक्यावर टोपली घेऊन चालत आले. टोपलीत गवत, गवतात काचेचं कौल. आईला म्हणाले, "आता वरून उजेड यील. वरून कोण बघत न्हाई."

आणि मी गुरं सोडून दुपारचा भाकरी खायला यायचो. मला शाळा नव्हती, मला बैल होते. तुझ्या शेजारी बसायला गेलो की ओरडायचीस, "खरकटं हात पुस्तकाला लागत्यात! समूर बस!" म्हणून समोर बसायचो. तू बोट ठेवून मोठ्यानं वाचायचीस आणि मी भाकरी चावत तुझ्या बोटाकडं बघायचो. असा मी अक्षरं शिकलो, सगळी उलटी. अजूनही पेपर उलटा धरला तर मला जास्त भरभर वाचता येतो. आदेश चारचौघांत हसतो मला.

आता हे चित्र तू बघावंस असं सखूला वाटतं. मला काही घाई नाही. पण कौलं उतरली की कवडसा जाईल, मग नुसतं चित्रच राहील. तेव्हा विचार कर.

दाजींना नमस्कार. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझ्याकडं सध्या राग आहे, तो असू दे, पण पोचल्याचं कळव.

दादा


डिंगोरे
५ ऑगस्ट २००१

चि. सौ. कोंडा,

आशीर्वाद. पोचल्याचं कळवलं नाहीस. चालायचंच.

काल राखी झाली. हर्षालीनं आपल्या चुलतभावांना बांधल्या आणि एक मला बांधली. म्हणाली, "आजोबा, ही कोंडाआजीच्या वाटणीची." तिला तू आठवत नाहीस, पण चित्रामुळं तिला तुझं नाव पाठ झालंय. घरी जो येतो त्याला सांगते, "ही मी आहे, पण आजोबा म्हणतात ही कोंडाआजी आहे." लोक गोंधळतात. राखी मी काढलेली नाही. पाण्यात भिजून तिचा रंग मनगटाला लागलाय.

चित्राला आदेशनं ओतूरला फ्रेम करून घेतली. फ्रेमवाला देवाचे आणि माणसांचे फोटो करतो. त्यानं आपली नेहमीची सोनेरी पट्टी लावली, काच लावली आणि आपण होऊन वरच्या कोपऱ्यांना दोन हूक मारून दिले. आदेशनं विचारलं हे कशाला, तर म्हणाला, "लागत्यात. पुढंमागं उपेगी पडत्यात." भला माणूस. जादा काही घेतलं नाही.

माजघरात दाराच्या समोरच टांगलंय. दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसतं.

स्लॅबचं पाऊस संपला की बघू म्हणतोय आदेश. गवंडीही मोकळा नाही सध्या, दुसऱ्या गावच्या कामावर आहे. त्यामुळं दसऱ्यापर्यंत तरी कौलं कुठं जात नाहीत. हे सहज लिहिलं.

सखू म्हणते, वन्संना लिहा की वाटाणा टोकलाय, तोडायला येईल तेव्हा गोणीभर पाठवू. मी म्हणालो, पाठवायचं कशाला, येऊन घेऊन जाईल.

भाताची लावणी तिकडं वर डोंगराकडं झाली, आपल्याकडं भुईमूग बरा आहे. तुझ्या गुडघ्यांचं ऐकलं. एरंडाचं पान गरम करून बांध. आई बांधायची तसं, उलट्या बाजूनं.

दादा


डिंगोरे
२७ ऑक्टोबर २००१

चि. सौ. कोंडा,

सोन्यासारखी राहा. आपट्याचं एक पान आत घातलंय, चुरा झाला तर पोस्टाला बोल लाव.

काल दसरा लई झोकात झाला. झेंडू यंदा आपल्याच बांधावर इतका आला की सखूच्या हाताला आवर नाही. दाराला तोरण घातलं, आदेशच्या ट्रॅक्टरला हार, इळ्या-खुरप्यांना हार, पाण्याच्या मोटरीला हार, शिलाई मशीनला हार, हर्षालीच्या सायकलला हार. हर्षालीनं पाटीवर सरस्वती काढली, तिची पुस्तकं मांडली, त्यावर फुलं वाहिली. एक हार उरला. सखू म्हणाली, "त्या चित्रातल्या पुस्तकानं काय घोडं मारलंय? त्यात बी इद्याच हाय." मग स्टुलावर चढून तिनं तुलाही हार घातला. फ्रेमवाल्याचे हूक बघ कसे कामाला आले! केशरी झेंडू, मधे आंब्याची पानं. लई शोभलीस. मी दोनदा ओट्यावर जाऊन लांबून बघून आलो.

संध्याकाळी सोनं द्यायला बायडाबाई आली होती. आपली चुलत बहीण, तुमच्या तिकडं कळंबला दिलेली ती. लेकीकडं ओतूरला आली होती, म्हणून इकडं डोकावली. दारात आली, चित्राकडं बघितलं आणि थबकली. "ही आपली कोंडा?" म्हणाली. मी म्हणालो, "व्हय, कोंडाच." लहानपणी तुम्ही दोघी एका पाटीवर लिहायच्या, तिनं वेणीवरून ओळखलं असणार. डोळ्याला पदर लावला बिचारीनं. माझ्याकडं एकदा बघितलं, सखूकडं एकदा, आणि चहा ठेवलेला तसाच टाकून गेली. सोनंसुद्धा हातात न देता उंबऱ्यावर ठेवून गेली. चित्रात काहीतरी आहे खरं, पोरीनं जीव ओतलाय. बघणाऱ्याच्या काळजाला लागतं.

आता सांगायचं ते सांगतो. दसऱ्यानंतर कौलं उतरवायची ठरली होती, पण सेंट्रिंगच्या फळ्या मिळेनात, म्हणून दिवाळी होईपर्यंत थांबलोय. त्यापुढं मात्र थांबता येईल असं वाटत नाही. आश्विनात कवडसा धान्याच्या कणगीकडं सरकतो, आठवतं का. दुपारी मी तिथं जेवायला बसतो. एवढंच.

दादा


डिंगोरे
४ नोव्हेंबर २००१

चि. सौ. कोंडा,

आशीर्वाद. तू परवा येऊन काय काय बोललीस ते तुला आठवत नसणार, रागात माणसाला आठवत नाही. मला सगळं आठवतंय. लिहून पाठवतो, म्हणजे पुन्हा कधी भांडायचं झालं तर नव्यानं जुळवाजुळव करायला नको.

मी कांद्याच्या रोपाला पाणी सोडून येऊन पाय धूत होतो. अंगणात पिकअप थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक आली, "कुशाबा!" जन्मात तू मला दादा सोडून दुसरी हाक मारली नव्हतीस. मला वाटलं वीज बोर्डाचं कुणीतरी आलं.

"कुशाबा, भाईर ये! भूत आलंय तुझ्या बहिणीचं!"

बाहेर आलो तर तू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझं पत्र. कोंडा, तुझे केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी मेले व्हय रं तुला? बायडा रडत आली माझ्याकडं! म्हनली, कोंडे, तुझ्या भावानं तुझा फोटू टांगलाय आन् हार घातलाय. मी म्हनलं, खोटं बोलतीस. तवर हे आलं टपालानं! वाच! तुझ्याच हातचं हाय! तुलाही हार घातला, लई शोभलीस! तेराव्याला पुरण घातलं का न्हाई? का नुसत्या झेंडूवर भागवलं?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, खरं सांगतो. ट्रॅक्टरला हार, मोटरीला हार, तसा चित्राला हार, इतकंच माझं डोकं चाललं होतं. आता कळलं तो फ्रेमवाला कशासाठी हूक मारतो, आणि बायडाबाई चहा का प्याली नाही. कळलं तसं मला हसूच यायला लागलं. हसलो असतो तर तू काठी घातली असतीस.

सखू पाण्याचा तांब्या घेऊन आली. "वन्सं, आधी पाणी घ्या."

"भुताला पानी पाजतीस व्हय गं?"

"मग लिंबू उतरून टाकू का?"

तुझा ज्ञानेश्वर पिकअपला टेकून उभा होता, हसून हसून त्याचे डोळे गळत होते. "मामी, भुताचं चालू द्या. ड्रायव्हरला भूक लागलीया." गुणाचं पोर आहे. त्याच्या मनात कधी काही नव्हतंच, हे मला त्याच्या जेवणावरूनच कळलं.

मग तू म्हणालीस, "आन् तूच लिव्हलंस जूनमधी, ती हर्षाली न्हवं, ती कोंडाच हाय म्हनून! मग हार कुनाला घातला, सांग की! आन् वहिनी, टिकली कशाला लावायला लावली गं? मी कुठं लावत व्हते टिकली?"

तिथं मी ऐकायचंच थांबलो बघ. टिकलीचं मी जूनच्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे फाडलं नव्हतंस. त्यानंतर तू आणखी बरंच बोललीस, मला वाटतं आबांच्या नावानंही काहीतरी बोललीस, पण मी मनातल्या मनात जुनी पत्रं मोजत उभा होतो.

मग आत गेलीस. चित्रासमोर उभी राहिलीस. हार सुकून तपकिरी झाला होता. तू काठीनं तो उचकटायला गेलीस आणि तशीच थांबलीस. काठी हळूच खाली आली. मी मागं उंबऱ्यात होतो, तुझं तोंड मला दिसत नव्हतं. नुसती पाठ दिसत होती.

तेवढ्यात हर्षाली शाळेतून आली. दप्तर खांद्यावर, वेणी तोंडात. तू वळून तिच्याकडं बघितलंस, चित्राकडं बघितलंस, पुन्हा तिच्याकडं.

"तोंडातली येणी काड," म्हणालीस. "केसं खाऊन पोटात गोळा व्हतो."

आईचा आवाज होता गं तो. मला एकदम भूक लागल्यासारखं झालं.

हर्षालीनं वेणी काढली आणि विचारलं, "तुम्ही कोंडाआजी? मग तुम्हीच सांगा, ह्यात कोण आहे, मी का तुम्ही?"

तू म्हणालीस, "अगं, कुनी का असंना. वाचतीया नव्हं?"

आणि काठी बाजूला ठेवून, गुडघा धरून, तू खाली बसलीस. ते मी विसरणार नाही. माजघर एवढं मोठं, कुठंही बसली असतीस. तू वर बघितलं नाहीस, खाली बघितलं नाहीस आणि बरोबर कणगीच्या बाजूला, कवडशात बसलीस. ह्या दिवसांत तो तिकडं सरकतो हे ह्या घरात वाढलेल्यालाच ठाऊक. तुझे पांढरे केस असे उजळले की सखूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आदेश शेतातून आला तो तुला बघून थेट पायाच पडला. "आत्या, बरं झालं बाई आलीस! आता तरी दादांना सांग. वाळू मिळत न्हाई म्हणत्यात. चैतापासून दारात वाळूचा ढीग पडलाय, त्यात मांजरीनं दोनदा पिलं घातली! गवंडी रोज ईचारतोय. फळ्या गोठ्यात रचून ठेवल्यात. रोज नवं निमित्त काढत्यात!"

"आन् निमित्त कशाला?" तू विचारलंस, माझ्याकडं न बघता.

"तू यायच्या आधी कौल उतरवायचं न्हाई म्हणून. दुसरं काय?"

मी म्हणालो, सखूच्याच मनात होतं तसं.

सखू म्हणाली, "माझ्या मनात तर ह्या उन्हाळ्यात मोरी बांधायचं व्हतं. पत्रं बी ह्यांचीच वन्सं. मला पोष्टाचा पत्ता बी ठावं न्हाई."

असा मी सगळ्यांपुढं उघडा पडलो. तू हर्षालीचं दप्तर ओढून घेतलंस, पुस्तक काढलंस, नाकावर चष्मा चढवलास. मी नेहमीसारखी भाकरी घेऊन तुझ्या शेजारी टेकायला गेलो.

"हात खरकटं हायेत तुझं," म्हणालीस. "समूर बस."

पुढचं काही लिहीत नाही. ते तुला आठवत असेलच.

जाताना म्हणालीस, भाऊबीजेला यायचं का ते बघू, अजून माझा राग गेला न्हाई. ठीक आहे. राग घेऊनच ये. त्या दिवशी मोहिनी इथं असेल. हे आधीच सांगतो, नंतर माझ्यावर डाव साधला म्हणू नकोस. बायडाबाईकडं ज्ञानेश्वरला पाठवून निरोप दे की कुणी मेलेलं नाही. हूक मी पकडीनं उपटून काढलेत. चित्राला आता हळदीकुंकवाचं बोटसुद्धा लागणार नाही, असं सखूनं शपथेवर सांगितलंय.

दादा


डिंगोरे
२५ नोव्हेंबर २००१

चि. सौ. कोंडा,

आशीर्वाद. पत्र आधी वाच आणि मग फाड असं आता लिहायला नको, तरी हात तेच लिहायला जातो.

तू गेल्यापासून घरात सगळे तुझ्याच बोलण्याची नक्कल करतात. भाऊबीजेच्या दिवशी तू मोहिनीला जवळ बोलावलंस तेव्हा मी मुद्दाम पाणी आणायला उठलो होतो. मला वाटलं आता काय होतंय कुणास ठाऊक. तू तिचे हात हातात घेतलेस, उलटे केलेस, नखं बघितलीस.

"रंग जात न्हाई व्हय गं?"

"नाही जात, आत्या."

"शेन बी जात न्हाई," म्हणालीस आणि तिच्या हातावर करंजी ठेवलीस. मी दाराआड तांब्या घेऊन उभा होतो. सात वर्षांचं ते ओझं तू एका करंजीत उतरवलंस. मोहिनी रात्री म्हणाली, दादा, मला आत्याचं चित्र काढायचंय, आताचं. मी म्हणालो, आधी तिला विचार, नाहीतर ती काठी घेऊन येईल. ज्ञानेश्वर तिला म्हणाला ते ऐकलंस ना? "बरं झालं मोहिने, न्हाई म्हणालीस ते. माझा पिकअप तू पानाफुलांनी रंगवून टाकला असता." पोरांच्या मनातलं पोरांनीच एवढ्यात निपटलं. आपणच आपले बसलो होतो.

ओवाळलंस तेव्हा मी ताटात साडी ठेवली. तू ती बाजूला सारलीस. "मला साडी नगं. ते दे." बोट वर. सगळे छताकडं बघायला लागले. "चित्र तुला ठेव. मी ऱ्हाते तुझ्या भिंतीवर, हार न घालता. कौल मला दे. आबांनी माझ्यासाठी आनलं व्हतं." आदेश म्हणाला, आत्या, ते फुटकं आहे, नवीन आणून देतो, आता चांगली मिळतात. त्याच्याकडं तू जे बघितलंस त्यानंतर तो शिडी आणायलाच गेला.

कौल उतरलं तेव्हा माजघरात पाटाएवढं आभाळ दिसलं. आदेशनं ते वरून माझ्या हातात दिलं. सखूनं राखेनं घासलं, चार पाणी धुतलं, तेव्हा कळलं की काच हिरवट आहे. इतकी वर्षं आपण तिला पिवळी समजत होतो. टोपलीत गवत घालून दिलं तुला, आबांनी आणलं होतं तसंच. तू पिकअपमधे पुढं बसून मांडीवर घेतलंस, नातवाला घ्यावं तसं. खड्ड्याच्या रस्त्यानं नीट पोचलं की नाही ते अजून कळवलं नाहीस. ह्या एका गोष्टीत तू सुधारणार नाहीस असं दिसतं.

इकडं कौलं उतरली. वाळूच्या ढिगातून मांजरीची पिलं हर्षालीनं सुपात घालून गोठ्यात नेली आणि काम लागलं. स्लॅब पडला की आदेश दक्षिणेला मोठी खिडकी ठेवणार आहे, हे त्यानं आपणहून ठरवलं. चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावायचं. ते सध्या शेजारी साळुबाईकडं गोधडीत गुंडाळून ठेवलंय. ती काल विचारत होती, ह्या पोरीला भूक लागत न्हाई का, कवापासनं वाचतीया.

घरात फिरताना माझा पाय अजून कवडशाच्या जागेला अडतो. तिथं पाय द्यायचा नाही ही सवय. आता तिथं उघडं आभाळ आहे, सगळीकडं ऊनच ऊन, त्यात तो पाटाएवढा तुकडा कुठला ते मलाही सांगता येत नाही. वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. तसं फार वाटलं नाही. तो तुकडा महाळुंग्याला गेलाय, मला त्याचा पत्ता ठाऊक आहे.

ज्ञानेश्वरला सांग, कौल माजघरावर बसव, चुलीपासून लांब, नाहीतर पुन्हा धुरकटेल. टवका उडालेला कोपरा वरच्या कौलाखाली दाबायचा, म्हणजे पाणी येणार नाही. बसवलं की पहिल्या दुपारी कवडसा कुठं पडतो ते बघ आणि तिथं दुसरं काही ठेवू नकोस. तुझा अमृत बाराखडीला लागला म्हणालीस. त्याला तिथं बसव. उजेड सरकला की तो आपोआप सरकेल, त्याला रागवू नकोस.

स्लॅबला पाणी मारायचं काम आदेशनं माझ्याकडं दिलंय, ते संपलं की मार्गशीर्षात मी येतो. सखूच्या मनात आहे वगैरे काही नाही, माझ्याच मनात आहे. नारायणगावला गाडी बदलून कळंबला उतरेन, बायडाबाईला तोंड दाखवून पुढं येईन, म्हणजे तिचीही खात्री पटेल. दुपारपर्यंत पोचतो. भाकरी टाकून ठेव. अमृतला पुस्तक घेऊन बसायला सांग आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सांग.

हात मी धुऊन घेईन. बसणार मात्र समोरच.

तुझा
दादा